वैमानिक निवड चाचणी : आयुष्यात एकदाच मिळणारी संधी



दहावीचा निकाल लागला की शाळेत एक प्रश्न हमखास विचारला जातो, "सर, मुलाला पायलट व्हायचंय, सांबऱ्याला भरती कधी असते?" बेळगावात हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र गावात, हवाई दलाचे ठाणे सांबऱ्याला, आणि तालुक्यातील खेडोपाडी घरटी एक माणूस सैन्यात. परंतु या प्रश्नातच एक मोठा गैरसमज आहे. सांबऱ्याला एअरमनचे, आणि अग्निपथ योजना २०२२ साली सुरू झाल्यापासून अग्निवीर वायूंचे प्रशिक्षण होते. विमान उडण्याजोगे ठेवणारी ही माणसे. त्यांचे काम मानाचे आहे, त्यांच्याशिवाय एकही विमान धावपट्टी सोडत नाही. पण विमान चालवणारा हा अधिकारी असतो, आणि त्याच्या निवडीचा मार्ग पहिल्यापासून वेगळा आहे. त्या मार्गावर एक चाचणी अशी आहे की ती आयुष्यात एकदाच देता येते. ही गोष्ट आपल्या मुलांना फार उशिरा कळते, म्हणून हा लेख.

प्रथम मार्ग थोडक्यात पाहू. बारावीनंतर जायचे तर एनडीए. संघ लोकसेवा आयोगाची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा, आणि पुढे निवड मंडळापुढील चाचण्यांना ९०० गुण. म्हणजे लेखी परीक्षेइतकेच वजन मंडळाला आहे. हवाई दलासाठी पी.यू.सी.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असलेच पाहिजे. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलाला एनडीएतून भूदलात जाता येते, हवाई दलात नाही. एस.एस.एल.सी. झाल्यावर "आधी कुठेतरी प्रवेश घेऊ, मग बघू" असे म्हणणाऱ्या पालकांनी एवढे वाक्य पुन्हा वाचावे.

पदवीनंतरचा मार्ग म्हणजे एएफकॅट. ही परीक्षा हवाई दल स्वतः घेते. फ्लाइंग शाखेसाठी वय २० ते २४, पदवीला ६० टक्के, आणि येथेही बारावीचे गणित व भौतिकशास्त्र, प्रत्येकी निदान ५० टक्के. १०० प्रश्न, ३०० गुण, दोन तास. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक वजा. पेपर इंग्रजीतच असतो. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी याला घाबरू नये, पण आठवीपासून रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी. एन.सी.सी.च्या एअर विंगचे 'सी' प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी वेगळा प्रवेश आहे. त्यांना लेखी परीक्षा न देता थेट मंडळापुढे जाता येते. कॉलेज निवडताना तेथे एअर विंग आहे का याची चौकशी करावी.

लेखी परीक्षा झाली की हवाई दलाच्या निवड मंडळाचे बोलावणे येते. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाडा येथे ही मंडळे आहेत. आपल्याला जवळचे म्हैसूर. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेच्या चाचण्या आणि चित्र पाहून गोष्ट लिहिण्याची चाचणी. त्यात न टिकलेले उमेदवार त्याच दिवशी परत फिरतात. टिकलेल्यांच्या पुढचे काही दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत. बारा चित्रांवर बारा गोष्टी, प्रत्येकीला चार मिनिटे. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, एकूण तीस मिनिटे. या वेगात पाठ केलेले काही आठवत नाही, मनात जे असते तेच कागदावर येते. या चाचण्यांवर बाजारात भरपूर पुस्तके आहेत, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. फक्त एवढेच की मंडळ कोणी वक्ता शोधत नसते. सहा-आठ जणांच्या गटात लाकडी फळी आणि दोरखंड घेऊन अडथळा ओलांडताना जो दुसऱ्याचे ऐकून घेतो आणि वेळेवर हातही लावतो, तो त्यांना हवा असतो. आपल्या गणेशोत्सवात मांडव घालताना राबलेल्या मुलाला ही सवय असते, फक्त तिला गुण मिळतात हे त्याला ठाऊक नसते.

मंडळापुढे अपयश आले तर वयोमर्यादा संपेपर्यंत पुन्हा जाता येते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला निवड झालेले अधिकारी पुष्कळ आहेत. पण फ्लाइंग शाखेच्या उमेदवारांना याच ठिकाणी आणखी एक चाचणी द्यावी लागते, तिला संगणकीकृत वैमानिक निवड चाचणी, म्हणजे सीपीएसएस म्हणतात. हिला दुसरी खेप नाही. एनडीएच्या वेळी सतराव्या वर्षी मुलगा या चाचणीत नापास झाला, तर पुढे पदवी घेऊन एएफकॅटमधून फ्लाइंग शाखेत जाण्याची वाटही त्याच दिवशी बंद होते. "एकदा जाऊन अनुभव घेऊन येऊ" हा आपला नेहमीचा विचार इतर सर्व परीक्षांना ठीक आहे, या चाचणीला नाही.

एवढा कडक नियम कशासाठी, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडते. १९४१ साली अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली वैमानिकांच्या निवडीचे शास्त्र उभे करायला सुरुवात केली. त्यापूर्वी शिक्षण, शरीर आणि रुबाब पाहून मुले घेतली जात, आणि त्यांतील कितीतरी प्रशिक्षणात गळत. मग हजारो उमेदवारांना हात, पाय, डोळे आणि लक्ष यांच्या चाचण्या देऊन १ ते ९ अशा श्रेणी दिल्या आणि प्रशिक्षणात त्यांचे काय होते ते नोंदवले. सर्वांत खालच्या श्रेणीतील दर चार मुलांपैकी सुमारे तीन प्राथमिक उड्डाण प्रशिक्षणातच गळाली. सर्वांत वरच्या श्रेणीत हे प्रमाण शंभरात चार-पाच इतकेच होते. म्हणजे उड्डाणाची पात्रता ही हुशारी किंवा धाडस यांहून काहीशी वेगळी गोष्ट आहे, आणि ती आधी मोजता येते. मोजमाप खरे यायचे तर ते पहिल्यांदाच घेतलेले हवे. पुन्हा पुन्हा दिलेल्या चाचणीत सराव मोजला जातो, पात्रता नव्हे. शिवाय येथे चुकीच्या निवडीची किंमत पैशात मोजून भागत नाही.

आपल्याकडे कित्येक वर्षे पीएबीटी नावाची चाचणी होती. तिच्यात एक भाग कागदावरचा, विमानातील तबकड्या वाचण्याचा. दुसऱ्यात हातात दांडा आणि पायाखाली पेडल घेऊन पडद्यावर पळणारा ठिपका चौकोनात धरून ठेवायचा, आणि ते चालू असतानाच दिवा लागला किंवा आवाज झाला की त्याला उत्तर द्यायचे. तिसऱ्यात फिरत्या ढोलावरचे ठिपके काट्याने गाठायचे. आता तिची जागा संगणकावरील सीपीएसएसने घेतली आहे. ती संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांनी देशातच तयार केली आणि तिची मूळ कल्पना डॉ. अब्दुल कलाम यांची असे सांगितले जाते. यंत्र बदलले तरी मोजायचे तेच आहे: तबकड्यांवरून विमानाची स्थिती मनात उभी करता येते का, हात आणि पाय एकाच वेळी वेगवेगळी कामे करतात का, आणि दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवताना एखादी हातून सुटते का.

आता तयारीचे. पहिला भाग, म्हणजे तबकड्या समजणे, हा शुद्ध अभ्यासाचा विषय आहे आणि नववीच्या मुलालाही येण्याजोगा आहे. उंचीमापकाला घड्याळासारखे काटे असतात. लांब काटा शेकडे दाखवतो, आखूड काटा हजार. आखूड काटा ३ आणि ४ यांच्या मध्ये आणि लांब काटा ५ वर, म्हणजे उंची ३,५०० फूट. होकायंत्रावर उत्तर ३६०, पूर्व ०९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. चढ-उतार दाखवणाऱ्या तबकडीचा काटा शून्यावर असेल तर विमान उंची राखून आहे, वर गेला तर चढते आहे.

खरी गंमत कृत्रिम क्षितिजाची. या तबकडीत मधले छोटे विमान स्थिर असते आणि क्षितिजाची रेघ कलते. विमान डावीकडे झुकले की रेघेचे डावे टोक वर जाते. पाहणारा नवखा मुलगा लगेच म्हणतो, "डावी बाजू वर, म्हणजे उजवीकडे झुकले." हे चूक. रेघ म्हणजे जमीन, आणि आपण विमानात बसलो आहोत. आपला डावा पंख खाली गेला म्हणूनच जमीन डावीकडे वर आलेली दिसते. हे पाठ करून लक्षात राहत नाही. पुठ्ठ्याचा गोल कापावा, अर्धा निळा आणि अर्धा तपकिरी रंगवावा, त्यावर काडीचे विमान धरून गोल फिरवून पाहावे, म्हणजे दोन दिवसांत डोळ्याला सवय होते. मग असे प्रश्न घालावेत: होकायंत्र २७०, उंची स्थिर, क्षितिजाचे डावे टोक वर, तर थोड्या वेळाने होकायंत्र काय दाखवील? विमान डावीकडे वळते आहे, म्हणजे पश्चिमेकडून दक्षिणेकडे. आकडा कमी होत जाणार, २६०, २५०, २४०.

दुसरा भाग हात-पायांचा. विमानाचा दांडा मागे ओढला की नाक वर, पुढे ढकलला की खाली. पेडलचे मात्र आपल्या मुलांना अवघड जाते आणि त्याला कारण आहे सायकल. सायकलचा डावा हात पुढे ढकलला तर चाक उजवीकडे वळते. विमानात डावा पाय पुढे दाबला तर नाक डावीकडे वळते. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय येथे उलटी पडते. संगणकाचा जॉयस्टिक आणि पेडल कोणाकडे मिळाले तर विमान चालवण्याचा खेळ थोडा खेळून बघण्यास हरकत नाही. भीती जाते, दिशा पक्क्या होतात. पण त्यापलीकडे फारसे साधत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टच लिहितो. "हुबेहूब यंत्रावर सराव, निवडीची हमी" अशा जाहिराती शहरोशहरी दिसतात आणि पालक त्यासाठी हजारो रुपये मोजतात. परीक्षेचे यंत्र हवाई दलाच्या मंडळातच असते. बाहेर असते ती नक्कल. नकलेवर थोडा हात बसतो, यापेक्षा अधिक कोणी हमी देत असेल तर तो व्यापार समजावा. त्याच पैशात मुलाला वर्षभर चांगला आहार आणि एखाद्या खेळाचे शिक्षण मिळेल. टेबल टेनिस, बॅडमिंटन, तबला, पोहणे, यांत डोळा, हात, पाय आणि ताल एकत्र चालतात. तबला शिकणाऱ्या मुलाचे दोन हात वेगवेगळी कामे करतात आणि कान मात्रांचा हिशेब ठेवतो. ही शिकवणी आपल्या गल्लीतही मिळते.

तिसरी गोष्ट तोंडी हिशेबाची. गणिताचा शिक्षक म्हणून माझा येथे थोडा पक्षपात होईल, तो क्षम्य समजावा. २४० नॉट वेगाचे विमान मिनिटाला ४ सागरी मैल जाते. ६० सागरी मैलांवरचा तळ गाठायला १५ मिनिटे. तेच विमान ९,००० फुटांवरून मिनिटाला १,५०० फूट या गतीने ३,००० फुटांवर उतरायला ४ मिनिटे घेईल, आणि तोवर १६ मैल पुढे गेलेले असेल. असे हिशेब कागद-पेन्सिल न घेता, चालता चालता करावेत. बसमध्ये बसल्यावर दगडाचे आकडे आणि घड्याळ पाहून वेग काढावा. जोडीला कोणी बोलत असेल तर अधिक चांगले, कारण चाचणीत हिशेब शांततेत करायला मिळत नाही.

आणि शेवटचे दोन दिवस झोप. रात्रभर गाडीत उभे राहून, सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन मंडळात गेलेला मुलगा मुलाखतीत निभावून नेईल, पण पळत्या ठिपक्यापुढे त्याचे हात मंदावतात. पालकांनी शक्य तर एक दिवस आधी पोहोचण्याची सोय करावी. चाचणी चालू असताना एक चूक झाली तर तिच्याकडे मागे वळून पाहायचे नाही, पुढचा ठिपका धरायचा, हे मुलाला घरीच सांगून ठेवावे.

आता ज्या गोष्टीला तयारी नाही, फक्त वेळेवर माहिती हवी, तिच्याकडे वळू. फ्लाइंग शाखेच्या वैद्यकीय कसोट्या फार कडक आहेत. लांबचे धूसर दिसणारा डोळा, म्हणजे उणे नंबरचा चष्मा, या शाखेत चालत नाही. अधिक नंबरला थोडी सवलत आहे. लेसरच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र अटी आहेत आणि वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली शस्त्रक्रिया मान्य होत नाही. म्हणून जाहिरात नीट वाचल्याशिवाय घाईने ऑपरेशन करून घेऊ नये. दिवसा मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना उणे नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते असे संशोधनात दिसून आले आहे. संध्याकाळच्या शिकवण्या मुलांचे मैदान खातात, त्याचा हिशेब कधीतरी करावा.

रंगांधत्व ही अशीच गोष्ट. ते जन्मजात असते, मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो, कारण जे रंग तो लहानपणापासून पाहतो त्यांनाच तो लाल आणि हिरवा म्हणत आलेला असतो. लेखी परीक्षा, मंडळ आणि वैमानिक चाचणी पार करून शेवटी येथे थांबावे लागणे याचे दुःख मोठे असते. इशिहारा चित्रांची तपासणी दहा मिनिटांत होते आणि ती आठवी-नववीतच करून घ्यावी. ती मोबाईलच्या पडद्यावर किंवा झेरॉक्सवर करू नये, त्यात रंग बदलतात. छापील मूळ पुस्तक, दिवसाचा उजेड आणि नेत्रतज्ज्ञ, एवढे हवे.

शरीराची मापेही आहेत. विमानातील आसन आणि पेडल ठरलेल्या जागी असतात, त्यामुळे उंची साधारण १६३ सेंटिमीटरच्या खाली चालत नाही, पायांची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, आणि मांडीची लांबी ६४ सेंटिमीटरपर्यंत असावी लागते. उंच मुलगाही मांडी लांब असल्यामुळे बाद होऊ शकतो. त्यात त्याचा दोष काहीच नाही.

फ्लाइंग शाखा मिळाली नाही तर काय, हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. तांत्रिक शाखा आहे, हवाई वाहतूक नियंत्रण आहे, हवामान, लेखा, शिक्षण आहे, भूदल आहे. डॉ. कलाम स्वतः तरुणपणी डेहराडूनला वैमानिक होण्यासाठी गेले होते. पंचवीस जणांत आठ निवडायचे होते आणि त्यांचा क्रमांक नववा आला.

मुलींच्या पालकांसाठी दोन ओळी. हवाई दलाच्या लढाऊ विमानांवर महिला वैमानिक २०१६ पासून आहेत. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह या पहिल्या तिघी हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील अकादमीतून बाहेर पडल्या. एनडीएचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना उघडले, आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून उत्तीर्ण झाली. निवडीच्या पात्रता चाचणीत मुलगा-मुलगी असा भेद नाही. आपल्या शाळेतून या वाटेची चौकशी करायला आजवर बहुधा मुलांचेच पालक आले आहेत.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. इशिहारा चित्रांचे मूळ पुस्तक शाळेने एकदा विकत घ्यावे आणि दरवर्षी आठवीच्या वर्गाची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडून करवून घ्यावी. खर्च एका वार्षिक संमेलनातील ध्वनिक्षेपकाच्या भाड्याहून अधिक नाही.

आणि एक गोष्ट आपल्या सीमाभागातील मुलांना विशेष नडते ती म्हणजे नावाची. जन्मदाखल्यावरचे नाव कन्नडवरून इंग्रजीत उतरलेले, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचे, आधार कार्डावर आडनाव आधी, आणि कुठे वडिलांचे नाव फक्त आद्याक्षराने. मंडळात कागदपत्रे तपासताना दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि जन्मतारीख प्रमाण धरतात. दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड ही तिन्ही शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तर नववीच्या उन्हाळी सुट्टीआधी कार्यालयात अर्ज द्यावा. दहावीचा अर्ज गेल्यानंतर ही दुरुस्ती शाळेच्या हातात राहत नाही.